काळ्या ऑइल पेंटखालची लाल गिटार : जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा बिघडवलेला रंग कसा सुधारायचा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मुलानं नोकरीसाठी गाव सोडताना आपली गिटार विकायला काढली, ती मी घेतली. तिच्यावर लोखंडी गेटाला मारतात तसला काळा ऑइल पेंट होता, तोही ब्रशनं मारलेला. कडांवर ओघळ आले होते आणि तसेच वाळले होते. खालच्या बाजूला ब्रशचा एक केस रंगात अडकून राहिला होता. पिकगार्डच्या, म्हणजे तारांखाली बॉडीवर बसवलेल्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या, कडेवरही रंग चढला होता. पण नेक (गिटारची मान) सरळ होती, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) फारसे झिजले नव्हते आणि अँपला जोडल्यावर तिन्ही पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) वाजत होते. अशा गिटारी आपल्याकडं पुष्कळ फिरतात. ऑर्केस्ट्रात, मंडळाच्या कार्यक्रमात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजून वाजून टवके उडतात आणि मग कुणीतरी घरात उरलेला रंगाचा डबा उघडतो.

अशी गिटार हातात आली की पहिला विचार येतो तो पॉलिश पेपर आणून सगळं घासून लाकडापर्यंत जायचा. माझ्या पहिल्या गिटारच्या वेळी मी तेच केलं. रोज संध्याकाळी दोन-दोन तास घासत होतो. शेवटी खालून सुंदर रेषांचं लाकूड निघायच्या ऐवजी प्लायवूडचे थर निघाले. वाटेत जो फिकट निळा थर मी घासून टाकला, तो कंपनीतून आलेला मूळ रंग होता आणि चांगला धडधाकट होता. तो आता परत येणार नाही. म्हणून हा लेख लिहितोय. वरून थापलेला रंग तेवढा काढायचा आणि खालचा मूळ रंग वाचवायचा, हे बहुतेक वेळा जमतं. त्याला मेहनत कमी लागते, पण थांबून बघायची सवय लागते.

घेण्याआधी

कोल्हापुरात जुनी गिटार घेताना एक गोष्ट मुद्दाम तपासा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं होतं. त्या पाण्यात राहिलेली वाद्यं नंतर वाळवून, वर रंग मारून विकली गेली असतील, तर ते वरून कळत नाही. पिकगार्डचा एखादा स्क्रू काढून बघा. स्क्रूच्या आट्यांत गंज भरला असेल, भोकाभोवतीचं लाकूड फुगलेलं असेल किंवा बॉडीच्या कडेवर बोट फिरवल्यावर जोडाच्या जागी उंचवटा लागत असेल, तर ती गिटार सोडून द्या. रंग सुधारता येतो, आतून सुटलेला जोड सुधारणं हे वेगळं काम आहे.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. गिटार खरोखर जुनी आणि नावाजलेल्या कंपनीची निघाली, म्हणजे 1950 ते 70 च्या दशकांतली अमेरिकी किंवा जपानी, तर या लेखातलं काहीही करू नका. तिच्या मूळ रंगालाच मोल असतं, अगदी तो अर्धा उडालेला असला तरी. ती जाणकाराकडं न्या.

काम कधी आणि कुठं करायचं

हे काम पावसाळ्यात काढू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की लॅकर वाळताना हवेतलं बाष्प त्यात अडकतं आणि वरचा थर दुधाळ पांढरा पडतो. दिवाळीनंतर सुरू केलं तर उन्हाळ्यापर्यंत सगळा वेळ आपला. सकाळी नऊ-दहानंतर, दव उडून गेल्यावर कामाला बसावं.

थिनर वापरायचा म्हणजे मोकळ्यावर, अंगणात किंवा गच्चीवर. जवळ गॅस, मच्छर अगरबत्ती, देवघरातली समई यातलं काही पेटतं नको. थिनरच्या वाफा जड असतात, जमिनीलगत पसरतात आणि लांबच्या ज्योतीपर्यंत पोचतात. थिनरनं भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, बाहेर पसरून वाळवा. हातमोजे जाड नायट्राइलचे घ्या आणि थिनर लागला की लगेच बदला, तो त्यांतूनही थोड्या वेळात झिरपतो. साधे रबरी मोजे थिनरमध्ये चिकट होतात. कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही, त्यामुळे वाफेसाठी कार्ट्रिज लावलेला मास्क हवा.

आणखी एक धोका जुन्या रंगातल्या शिशाचा. आपल्या देशात घरगुती रंगातलं शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवायचा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यातून रंगवलेल्या गिटारवर किती शिसं आहे ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून असला रंग कोरडा घासायचा नाही, ओलाच घासायचा. लहान मुलांना कामाच्या जागी फिरकू द्यायचं नाही आणि काम झालं की फरशी झाडायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं पुसायची.

खोलताना

खोलण्याआधी मोबाइलवर भरपूर फोटो काढा. पुढून, मागून, आणि पिकगार्ड उचलल्यावर आतल्या वायरींचे जवळून. तारा एकदम कापू नका, एकेक करून ढिल्या करा. बॉडी आणि नेक जोडणारे मागचे चार स्क्रू काढले की नेक हातात येते. नेकच्या खाचेत कागदाची किंवा पत्र्याची बारीक चकती सापडली तर ती कचरा समजून फेकू नका. नेकचा कोन साधण्यासाठी कुणीतरी ती बसवलेली असते. ती पाकिटात घालून वर लिहून ठेवा.

स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) धाटणीच्या गिटारमध्ये पिकगार्ड सुटा करायला साधारण तीन जागी सोल्डर काढावा लागतो. दोन वायरी जॅकच्या (अँपची वायर खोचतात त्या जागेच्या) आणि एक मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला जाणारी अर्थिंगची. ती तिसरी वायर लोक ओढून तोडतात आणि मग जोडणी झाल्यावर हम, म्हणजे घुमणारा आवाज, का येतोय म्हणून आठवडाभर शोधत बसतात. स्क्रू ठेवायला अंड्यांचा ट्रे चांगला. एका खळग्यात एका जागेचे स्क्रू ठेवायचे आणि शेजारी पेन्सिलीनं नाव टाकायचं.

खाली काय आहे ते शोधणं

या टप्प्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. पुढचं सगळं काम इथं ठरतं.

ज्यानं घाईत रंग मारला त्यानं बहुधा गिटार पूर्ण खोललेली नसते. म्हणून पिकगार्डखाली, नेकच्या खाचेत, मागच्या प्लास्टिक झाकणाखाली आणि जॅकच्या पत्र्याखाली मूळ रंग उघडा सापडतो. माझ्या गिटारला पिकगार्डखाली अंगठ्याएवढ्या जागेत गडद लाल रंग दिसला. काचेसारखा गुळगुळीत, ब्रशची एकही रेघ नसलेला. तिथं काळा रंग संपत होता आणि त्याची कड नखानं उचलता येत होती.

आता दोन्ही थर कशाचे आहेत ते तपासायचं. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घ्या, स्पिरिट घ्या आणि नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन किंवा फर्निचरवाले वापरतात तो एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) थिनर घ्या. नव्या रंगाच्या एका झाकलेल्या कोपऱ्यावर आधी स्पिरिटची काडी अर्धा मिनिट टेकवा. चिकट झालं तर ते चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश आहे. मिरजेचे सतारमेकर सतारी-तंबोऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चिंधीनं चपडा चढवत आलेत, तेच हे पॉलिश. फर्निचर पॉलिश करणाऱ्याकडं दिलेल्या गिटारवरही ते सापडतं. स्पिरिटनं काही झालं नाही तर थिनरची काडी. काही सेकंदांत रंग काडीवर आला तर तो लॅकर किंवा डब्यातला ॲक्रिलिक स्प्रे. एखाद्या मिनिटानं रंग विरघळायच्या ऐवजी सुरकुतला, दुधावरच्या सायीसारखा, तर तो ऑइल पेंट. काहीच झालं नाही तर तो हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घालून मारलेला गाडीचा रंग असणार.

हीच परीक्षा मूळ रंगाची, झाकल्या जाणाऱ्या जागीच. साध्या, स्वस्त इलेक्ट्रिक गिटारींवर कंपनी बहुतेक पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन वापरते, दोन्हींना थोडक्यात पॉली म्हणतात. थिनरची काडी थोडा वेळ टेकवली तरी त्याला काही होत नाही. तो जाड असतो, कडक असतो आणि टवका उडाला की कडा अंड्याच्या टरफलासारख्या धारदार दिसतात. मूळ रंग काडीवर यायला लागला तर ते नायट्रोसेल्युलोज (थोडक्यात नायट्रो किंवा एनसी) लॅकर आहे, आणि मग थिनरचा डबा बंद करून बाजूला ठेवायचा.

दोन्ही उत्तरं एका कागदावर लिहा. वर काय, खाली काय. वर ऑइल पेंट आणि खाली पॉली, ही सगळ्यात नेहमीची जोडी आणि सगळ्यात सोयीची.

वरचा रंग उतरवणं

वर स्प्रे किंवा लॅकर आणि खाली पॉली असेल तर थिनरच्या फडक्यानं पुसत जायचं, फडकं सारखं बदलायचं, एवढंच काम आहे. खाली नायट्रो असेल किंवा वर हार्डनरचा रंग असेल तर रसायनाच्या वाटेला जायचंच नाही. तिथं 600 आणि 800 नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर), हाताचा हलका दाब आणि आठवडाभराचा संयम लागतो.

ऑइल पेंटचं तंत्र जरा निराळं. तो विरघळत नाही, फुगतो. त्याला फुगू द्यायचं आणि फुगलेला असतानाच सोलायचं. मी केलं ते असं. जुन्या बनियनचा तळहाताएवढा तुकडा थिनरमध्ये बुडवून पिळला, बॉडीच्या मागच्या सपाट भागावर ठेवला आणि वर प्लास्टिकची पिशवी झाकली, म्हणजे थिनर उडून जात नाही. चार-पाच मिनिटांनी पिशवी उचलली तर काळ्या रंगाला सुरकुत्या पडून तो ठिकठिकाणी सुटला होता. मुदत संपलेलं एटीएम कार्ड तिरकं धरून पुढं ढकललं की रंगाच्या वळ्या होऊन कार्डापुढं गोळा होत होत्या. तिसऱ्या की चौथ्या ढकलीला खालून लाल पट्टी निघाली, बोटभर रुंद, ओली, चकचकीत. त्यानंतर मला उठवत नव्हतं.

एका वेळी तळहाताएवढीच जागा घ्या. मोठी जागा घेतली तर अर्धा रंग परत वाळून आणखी चिवट होतो. रंग जाड असेल तर थिनरच्या आधी हेअर ड्रायरनं हाताला सोसेल इतपत ऊब द्या आणि ड्रायर बंद करून बाजूला नेल्यावरच थिनर उघडा, दोन्ही एकत्र कधीच नको. ड्रायरच्या जागी हीट गन वापरू नका. तिच्या उष्णतेनं पॉलिएस्टरला फोड येतात आणि बॉडीच्या तुकड्यांचे जोडही ढिले होऊ शकतात. पत्र्याचं कलथं किंवा ब्लेड इथं चालत नाही, त्याचा एक चरा भरायला पुढं दोन दिवस जातात. बॉडीच्या शिंगांच्या, म्हणजे नेकच्या दोन्ही बाजूंच्या टोकांच्या, आतल्या वळणांत आणि हात टेकतो त्या उतारावर कार्ड बसत नाही. तिथं जुना टूथब्रश आणि आइसक्रीमची काडी कामाला येते. पिकअपची झाकणं, नॉब, पिकगार्ड, कडेची प्लास्टिकची पट्टी यांना थिनर लागला की ते लगेच विरघळायला लागतात. जी पट्टी बॉडीला चिकटलेलीच असते तिच्यावर दुहेरी मास्किंग टेप लावून तिथं थिनर नेऊच नका. तेवढा भाग हातानं घासा.

दुकानदार तयार पेंट रिमूव्हर पुढं करेल. मी तो वापरत नाही. त्यातल्या बऱ्याच प्रकारांत मिथिलिन क्लोराइड असतं. बंद जागेत त्याची वाफ जिवावर बेतू शकते आणि तो जास्त वेळ राहिला तर खालच्या पॉलीलाही मऊ करतो. वरचा सोडवायचा आणि खालचा राखायचा, एवढी निवड त्याला करता येत नाही.

सगळं सोलून झालं की बॉडीवर काळपट धूसर छटा राहते, मुख्यतः मूळ रंगावरच्या जुन्या ओरखड्यांत. ती 1000 नंबरच्या वॉटर पेपरनं, साबणाच्या पाण्यात काढायची. आता पाण्याच्या रंगावर डोळा ठेवा. आधी काळं पाणी येईल. मग पांढरट, दुधासारखं येईल, म्हणजे तुम्ही मूळ रंगावरच्या पारदर्शक थरावर आहात आणि सगळं ठीक आहे. पाण्यात गिटारचा मूळ रंग दिसला तर त्या जागेवरचा हात तिथल्या तिथं उचला. पारदर्शक थर संपलाय.

स्क्रूंच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका. लाकूड आतून फुगतं आणि भोकाभोवतीच्या रंगाला ताऱ्यासारख्या भेगा पडतात. भोकांच्या आसपास पाण्याऐवजी टर्पेंटाइन लावून घासलं की हा प्रश्न येत नाही.

टवके भरणं

मूळ रंग हाती लागला की त्याच्यावरचे टवकेही दिसायला लागतात. मुळात त्यांच्यासाठीच कुणीतरी काळा डबा उघडलेला असतो.

टवक्यात लाकूड किंवा पांढरा प्रायमर दिसत असेल तर आधी रंग. यासाठी नेलपॉलिश उत्तम, कारण ती बहुतेक नायट्रोसेल्युलोजचीच असते आणि महाद्वार रोडवर तिच्या हव्या तेवढ्या छटा मिळतात. छटा जुळवायची एक रीत सांगतो. पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यावर नेलपॉलिशचा ठिपका लावा, वाळू द्या आणि मग तो तुकडा गिटारवर ठेवून दिवसाउजेडी, सावलीत बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेली छटा उन्हात वेगळीच निघते. ठिपका टवक्यात बसवला की पूर्ण एक दिवस थांबा.

त्यावर पारदर्शक भराव. पॉली रंगासाठी फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद चालतो. टाचणीच्या टोकावर थेंब घेऊन तो टवक्यात सोडायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. एकदम भरला तर वरचा भाग वाळतो आणि आत बुडबुडा अडकतो. लवकर वाळावा म्हणून त्यावर सोडा टाकू नका, भराव पांढरा होतो. शेवटी तो आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वर, उडदाच्या डाळीएवढा फुगीर राहायला हवा. एक रात्र तसाच ठेवा.

सकाळी दाढीचं नवं ब्लेड घ्या. त्याच्या धारेच्या दोन्ही टोकांना सेलोटेप गुंडाळा, मध्ये सेंटीमीटरभर धार उघडी ठेवा. ब्लेड किंचित वाकवून, टेप दोन्ही बाजूंनी बॉडीवर टेकलेली आणि उघडी धार फुगवट्यावर, असं धरून आपल्याकडं ओढा. टेपच्या जाडीएवढं अंतर राहत असल्यानं आजूबाजूच्या रंगाला धार लागत नाही, फक्त फुगवटा सोलला जातो. केसासारखे पांढरे तंतू निघतात. ब्लेड फुगवट्याला अडायचं थांबलं की ते बाजूला ठेवा, खोडरबरच्या तुकड्याला 1000 चा वॉटर पेपर गुंडाळा आणि तेवढीच जागा गोल न फिरवता सरळ घासा. बोटाच्या टोकाला कड लागायची थांबली की झालं. डोळ्यांपेक्षा बोट जास्त अचूक सांगतं.

मूळ रंग वाचलाच नाही तर

कधी कधी आधीच्या माणसानं खालचा रंग घासून टाकलेला असतो. मग नव्यानं रंग देणं आलं.

लाकूड उघडं पडलं असेल तर खळगे आधी वाफेनं उचला. ओलं फडकं ठेवून वर गरम इस्त्रीचं टोक टेकवलं की दबलेले तंतू फुगून वर येतात. तंतू तुटले असतील तर मात्र पुट्टी. मग 180 पासून 320 नंबरपर्यंत कोरडं घासायचं. त्यावर फर्निचरच्या कामाचा एनसी सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा अस्तराचा थर) दोन-तीन हात, रंगाचे पातळ तीन-चार हात आणि शेवटी एनसी क्लिअर लॅकर. ही सगळी सामग्री फर्निचरवाल्यांना माल देणाऱ्या रंगाच्या दुकानात मिळते. लॅकरचे सहा ते आठ पातळ हात लागतात, दिवसाला तीनपेक्षा जास्त नकोत. सिलिकॉन असलेलं पॉलिश किंवा टायर चमकवायचा स्प्रे कामाच्या आसपासही नको. त्याचा अंश लाकडावर असला की नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

नेकच्या स्क्रूंच्या भोकांत एक पट्टी बसवून बॉडी दोरीला टांगा. आधी कडा, मग मागची बाजू, शेवटी पुढची. गन किंवा डबा वीस-पंचवीस सेंटीमीटरवर धरा. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. बॉडीवर चालू-बंद केला की तिथंच ओघळ येतो. नेकची खाच आधीच टेप लावून झाका, कारण तिथं रंगाचा थर चढला की नेक बसत नाही किंवा जोर लावून बसवताना कडेला भेग जाते. लॅकर दुधाळ पडलं तर घाबरू नका, कोरड्या दिवशी रिटार्डर (वाळणं लांबवणारा द्रव) घातलेल्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला की अडकलेलं बाष्प निघून जातं.

हार्डनरचा क्लिअर, म्हणजे गाड्यांवर मारतात तो टू-के, स्वतः घरी मारू नका. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो. तो हवा असेल तर बॉडी तयार करून गाड्या रंगवणाऱ्याकडं द्या. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या या गावात पेंटर हा शब्द आडनावासारखा मानानं लावला गेला, आणि रंगातला जाणता हात इथं शोधला की सापडतो. उद्यमनगरात ज्या मामांकडं मी बसून हे शिकलो, ते गिटार वाजवत नाहीत, पण पेपर धरलेला हात बघून काय चुकतंय ते सांगतात. त्यांचं एक वाक्य मी कामाच्या टेबलावर लिहून ठेवलंय : “भावा, मधलं घास, कडंला हात लावू नगंस. मधलं सपाट हुतंय, कड उघडी पडती.”

घासाई आणि चमक

नवा लॅकर मारला असेल तर तीन-चार आठवडे थांबा. नाक बॉडीच्या जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर तो अजून आतून वाळलेला नाही. मूळ पॉली वाचवली असेल तर थांबायची गरज नाही.

वॉटर पेपर अर्धा तास आधी पाण्यात भिजत घाला, पाण्यात साबणाचे दोन थेंब. पेपर सपाट रबरी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांचे खड्डे पडतात, ते उजेडात लाटांसारखे दिसतात. 1000, मग 1500, मग 2000. प्रत्येक नंबरला दिशा बदला, एकदा उभं, एकदा आडवं, म्हणजे आधीच्या नंबरचे चरे गेले की नाही ते कळतं. मध्येच पुसून कोरडं करून तिरप्या उजेडात धरा. सगळा भाग सारखा मंद दिसायला हवा. चकाकणारे ठिपके दिसले तर ते खोल भाग आहेत, तिथं पेपर अजून पोचलेला नाही. नंबर बदलताना बॉडी, ठोकळा आणि बादली तिन्ही धुवा. 1000 चा एक कण 2000 च्या कामात शिरला तर लांब ओरखडा उठतो. आणि मामांची कड विसरू नका. कडांना टेप लावून ठेवा, ती शेवटी काढा आणि 2000 चा पेपर तिथून दोन-चारदाच फिरवा.

मग गाडीचं रबिंग कंपाउंड, सुती फडक्यावर थोडंसं, वितभर जागेत गोल फिरवत. फडकं कोरडं पडायला लागलं की चमक वर येते. त्यानंतर बारीक पॉलिश, वेगळ्या फडक्यावर. स्टील चमकवणाऱ्या बफिंगच्या मोठ्या चाकावर गिटार द्यायचा मोह टाळा. ते धातूसाठी आहे, रंग क्षणात तापून जळतो. माझ्या लाल बॉडीला हातानं दोन दुपारी लागल्या. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या कठड्याची जाळी तिच्यात स्पष्ट दिसली, तेव्हा थांबलो.

परत जोडताना

नेकवरही रंगाचे शिंतोडे असतील तर फिंगरबोर्डवर थिनर नको. फ्रेटवरचे ठिपके नखानं किंवा लाकडी काडीनं सुटतात. लाकडाला मास्किंग टेप लावून फ्रेट बारीक स्टील वूलनं पुसा. हे पिकअप बॉडीत बसवण्याआधी करा, त्यांच्या चुंबकाला स्टीलचा भुगा चिकटला की निघत नाही.

स्क्रूच्या आट्यांना मेणबत्ती घासा. स्क्रू आधी उलटा फिरवा. टक् असा बारीक आवाज येऊन तो किंचित खाली बसतो, तिथं जुनी आटी आहे. तिथून सरळ फिरवा, म्हणजे लाकडात दुसरी आटी पडत नाही. भोकाच्या तोंडाशी नवा रंग असेल तर मोठ्या ड्रिल बिटनं, हातानंच फिरवून, तो कडेपासून किंचित मागं सारा. नाहीतर स्क्रू आवळताना टवका उडतो, आणि एवढ्या कामानंतर तो टवका फार लागतो. नेकखालची ती चकती तिच्या जागी ठेवा. अर्थिंगची वायर स्प्रिंगांच्या पट्टीला सोल्डर करताना पट्टीवर रंग आला असेल तर तो आधी खरवडा, नाहीतर सोल्डर धरत नाही.

तारा चढवून सूर लावा, एक रात्र ठेवा, दुसऱ्या दिवशी परत लावा, मगच तारांची उंची आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर लागतो का) बघा. एनसी लॅकर दिलं असेल तर रबर किंवा फोमच्या स्टँडवर गिटार ठेवू नका, ते लॅकरशी चिकटून डाग पाडतं. स्टँडच्या दोन्ही हातांना धुतलेल्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि ती मळली की बदला.